दारातली गाडी, घरातली ऐपत आणि उपनगराची निवड

घर बघायला आलेलं कुटुंब सॅम्पल फ्लॅट पाहून खाली उतरलं की सगळ्यांची नजर आपोआप पार्किंगकडे जाते. हॉल केवढा, गॅलरी आहे की नाही, पाणी किती वेळ येतं, हे तोंडानं विचारता येतं. शेजारी कोण आहेत, किती कमावतात, त्यांच्यात आपला निभाव लागेल का, हे विचारायचं कसं? मग त्याचं उत्तर गाड्यांवरून काढलं जातं. इस्टेट एजंटांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘या विंगमध्ये दोन मर्सिडीज आणि एक फॉर्च्युनर आहे, क्राउड एकदम चांगला आहे,’ असं ते न विचारताच सांगून टाकतात. नायगावपासून विरारपर्यंत कितीतरी व्यवहारांत या एका वाक्यानं पारडं झुकतं.

या सवयीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे हप्ते एका घरात घालणाऱ्या माणसानं शेजाराची चौकशी करायलाच हवी. पण गाडी पाहताना दोन वेगळे प्रश्न एकात एक मिसळून जातात. शेजारी श्रीमंत आहेत का, हा एक. आणि ही जागा राहायला चांगली आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं गाडी अर्धंमुर्धं उत्तर देते. दुसऱ्याचं जवळजवळ काहीच देत नाही. वसई-विरारमध्ये हा फरक न ओळखल्याची फार मोठी किंमत लोकांनी मोजली आहे. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट तपासून पाहायला हवा.

इथली श्रीमंती कुठे कुठे आहे

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तरी पुढची शंभर वर्षं वसई तालुका मुंबईचं उपनगर झाला नाही. मुंबईला भाजी, केळी, विड्याची पानं, फुलं, दूध, मासळी आणि मीठ पुरवणारा मुलूख राहिला. पश्चिमेकडच्या निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, उमराळे या गावांत वाड्या होत्या. वाडीला पाणी देणारी बावखलं होती. राजेळी केळ्यांची सुकेळी करणारी घरं होती. सामवेदी कुपारी, वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी अशा अनेक समाजांचा हा पट्टा.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या जमिनी मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुल्या झाल्या आणि चित्र पालटलं. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. पाणी, झाडं आणि शेती राखा, असं तिचं सांगणं होतं. तोवर मुंबईत घर न परवडणारी गिरणगावची, गिरगावची, दादर-परळची कुटुंबं लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे सरकू लागली होती. पुढे वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. काही गावांनी तिला विरोध केला आणि गावं वगळण्याचा वाद वर्षानुवर्षं चालला. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

हा इतिहास सांगायचं कारण, इथली संपत्ती एका थरात नाही. पश्चिमेच्या गावात जुन्या कौलारू घरापुढे साधी स्कूटर उभी असते आणि त्या घराच्या नावावर असलेल्या वाडीची किंमत कोटींत जाते. अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या कोळ्याची लाखोंची गुंतवणूक बोट, इंजिन आणि जाळ्यांत असते. पार्किंगमध्ये ती कधीच दिसणार नाही. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत बसणारा छोटा कारखानदार कमाई यंत्रांत घालतो. एव्हरशाइन सिटीत किंवा ग्लोबल सिटीत राहणारी बँकेतली निवृत्त बाई पेन्शन आणि ठेवींवर निवांत असते. तिच्याकडे गाडी नसते आणि तिला ती नकोही असते. नालासोपाऱ्याच्या एखाद्या वन बीएचकेच्या खाली मात्र घरापेक्षाही महाग गाडी उभी असू शकते. यात अतिशयोक्ती नाही. परदेशी नाममुद्रेची नवी आलिशान गाडी पन्नास लाखांच्या आसपास सुरू होते आणि इथे त्याहून कितीतरी कमी किमतीत वन बीएचके मिळतो.

देशाच्या पातळीवरचं चित्रही हेच सांगतं. २०१९च्या कर्ज आणि गुंतवणुकीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण मालमत्तेत जमीन आणि इमारती यांचा वाटा मिळून सुमारे ८७ टक्के निघाला. उरलेल्यातला मोठा भाग बँकेतल्या आणि इतर ठेवींचा. वाहन त्याच्याही नंतर येतं. म्हणजे संपत्तीचा जो इतका छोटा तुकडा, त्यावरून आपण अख्ख्या घराचा अंदाज बांधत असतो.

वस्तीचा अंदाज गाड्यांवरून येतो, पण सरासरीचा

मग गाड्या पाहणं अगदीच निरुपयोगी का? तसंही नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गूगलच्या रस्त्यांवरच्या सुमारे पाच कोटी छायाचित्रांतून त्यांनी दोनशे शहरांतल्या २ कोटी २० लाख गाड्या संगणकाकडून ओळखून घेतल्या. कोणत्या बनावटीच्या, किती जुन्या, किती किमतीच्या गाड्या कुठे दिसतात, यावरून त्या भागातलं उत्पन्न, शिक्षण, इतकंच काय, मतदानाचा कलही बऱ्याच अचूकपणे सांगता आला. ज्या शहरात पिकअप ट्रकपेक्षा सेडान जास्त, ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेलं असण्याची शक्यता ८८ टक्के निघाली.

हजारो गाड्या एकत्र मोजल्या की भागाचा अंदाज येतो, हे त्यातून सिद्ध होतं. आपल्याकडेही ढोबळ मानानं ते लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१च्या फेरीत देशातल्या जेमतेम साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी होती. ज्या रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्याच गाड्या आहेत, तो रस्ता देशाच्या सरासरीपेक्षा खात्या-पित्या लोकांचा आहे, एवढं नक्की म्हणता येतं. आलिशान गाड्यांचं प्रमाण तर आणखी थोडं. वर्षाला साधारण त्रेचाळीस लाख मोटारी विकल्या जातात, त्यांत त्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एक.

पण अमेरिकेतल्या शहरात गाडीवाचून पान हलत नाही. वसई-विरारचं तसं नाही. हे लोकलचं उपनगर आहे. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या खाडीवर रेल्वेचा पूल आहे, वाहनांचा नाही. गाडीनं मुंबई गाठायची तर आधी पूर्वेला महामार्गावर जायचं, मग वर्सोवा पूल, मग घोडबंदरच्या तोंडाशी होणारी कोंडी, मग काशिमिरा आणि दहिसर. ऑक्टोबर २०२४पासून दहिसरला हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, फेब्रुवारी २०२४पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. तरी चर्चगेटला रोज वेळेवर पोचायचं असेल तर शहाणा माणूस विरार फास्टच पकडतो.

याचा परिणाम गाड्यांच्या मोजणीवर होतो. मुंबईत चांगल्या पगारावर असलेले डॉक्टर, प्राध्यापक, अभियंते, सरकारी अधिकारी पहाटे रिक्षानं स्टेशनवर जातात. त्यांच्या घरी गाडी असलीच तर ती रविवारी निघते. उलट ज्याचा धंदा इथेच, साइटवर किंवा महामार्गाच्या कडेला आहे, त्याला गाडी रोज लागते, आणि चार लोकांत छाप पाडण्यासाठी ती मोठी असावी लागते. त्यामुळे इथल्या पार्किंगमध्ये धंदेवाईक उत्पन्न ठळक दिसतं आणि पगारदारांचं झाकून राहतं. पार्किंग रिकामं म्हणून वस्ती गरीब, हा निष्कर्ष लोकलच्या शहरात साफ चुकतो.

एका गाडीवरून एक घर ओळखता येत नाही

सरासरी सोडून एका दारातल्या एका गाडीकडे वळलो की अंदाज आणखी ढासळतो. गाडी दाखवते ती खर्च करण्याची तयारी. शिल्लक किती, हे ती दाखवत नाही.

हिशेब मांडून पाहू. रस्त्यावर येईपर्यंत साठ लाखांना पडणारी गाडी घेतली, बारा लाख हातचे भरले आणि अठ्ठेचाळीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता सुमारे ७७ हजार रुपये. सात वर्षांत केवळ व्याजापोटी जवळजवळ १७ लाख जातात. त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर, इंधन आणि चालकाचा पगार धरलेला नाही. दुसरीकडे अशा गाडीची किंमत पाचेक वर्षांत निम्म्यावर येणं मुळीच नवलाचं नाही. म्हणजे गाडी नवी असते तेव्हा दारात साठ लाख उभे दिसतात; त्यातले मालकाचे बारा, बाकीचे बँकेचे.

दुसरी शक्यता, गाडी घरची नसून धंद्याची असते. कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर घेतलेल्या गाडीवर प्राप्तिकरात दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, कर्जाचं व्याजही खर्चात धरता येतं. धंदेवाल्यासाठी तो वाजवी व्यवहार आहे, पण त्यावरून त्याच्या घरातल्या सुबत्तेचा पत्ता लागत नाही. तिसरी शक्यता जुन्या गाडीची. पाच-सात वर्षं वापरलेली जर्मन सेडान नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात मिळते. पॉलिश चांगलं असेल तर लांबून वय कळतही नाही.

नंबरप्लेट थोडी जवळून पाहिली तर आणखी बरंच उमगतं. वसईच्या आरटीओचा क्रमांक एमएच-४८. एमएच-०४ दिसली की गाडी ठाण्यात नोंदलेली. वसई ठाण्याच्या आरटीओखाली असतानाची जुनी गाडीही असू शकते. एमएच-४७ बोरिवलीची, एमएच-०२ अंधेरीची. मालक तिकडून राहायला आला, किंवा गाडी तिकडून जुनी विकत घेतली. डीडी-०३ म्हणजे दमण. तिथे खरंच घर किंवा धंदा असेल तर ठीक. पण महाराष्ट्रातला वाहनकर जड वाटतो म्हणून बाहेर नोंदणी करण्याचा मोह महागड्या गाड्यांच्या बाबतीत जुनाच आहे. त्या कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. पिवळी पाटी असेल तर गाडी भाड्याची, लग्नाच्या वरातीत फिरणारी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर तीही भाड्याचीच, फक्त स्वतः चालवायची. एवढ्या शक्यता ज्या एका वस्तूत आहेत, तिच्यावरून माणसाची तिजोरी सांगणं धाडसाचं आहे.

अमेरिकेत टॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको यांनी १९९६ साली ‘द मिलियनेअर नेक्स्ट डोअर’ या पुस्तकात लक्षाधीश कुटुंबांची पाहणी मांडली. पुष्कळ खरे श्रीमंत साध्या वस्तीत राहतात, साध्या गाड्या वापरतात, आणि झगमगीत वस्तीतल्या अनेकांकडे उत्पन्न असलं तरी साठा नसतो, हे त्यांचं म्हणणं जगभर गाजलं. आपल्याकडच्या वाडीवाल्या शेतकऱ्याला ते नव्यानं सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मराठवाड्यातलं आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थानिक उद्योजकांनी आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. शहर श्रीमंत झालं, अशी त्याची देशभर चर्चा झाली. पण त्यातले सुमारे ४४ कोटी स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्जाऊ दिले होते. त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढ्या व्याजानं कर्ज घ्यावं लागत होतं, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधलं. दीडशे मर्सिडीजवरून त्या शहरात पत कुणाला स्वस्त मिळते हे कळलं. शहराला पाणी किती दिवसांनी येतं, हे त्यावरून कळलं नाही.

शेजाऱ्याच्या गाडीचं वजन आपल्या घरावर

शेजारी निवडताना एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शेजाऱ्याची गाडी आपल्या घरखर्चातही शिरते. नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. निवडलेल्या पोस्टकोडमधल्या तिकीटधारकांना रोख बक्षीस मिळतं आणि त्यांतल्या एकाला नवी बीएमडब्ल्यू. पीटर कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की ज्यांनी तिकीट घेतलंच नव्हतं, अशा शेजाऱ्यांमध्येही गाडी खरेदी करण्याचं प्रमाण नंतर वाढलं. कॅनडातल्या लॉटरीवरचा अभ्यास त्याहून काळजी वाढवणारा आहे. बक्षीस जितकं मोठं, तितकी जिंकणाऱ्याच्या आसपासच्या घरांत दिवाळखोरी जास्त. आणि दिवाळखोरीत गेलेल्यांकडे मोटारीसारख्या दिसणाऱ्या वस्तू जास्त.

आपल्या सोसायट्यांत हे रोज घडतं. एका विंगमध्ये मोठी गाडी आली की वर्षभरात आणखी दोन येतात. मुलाच्या स्थळाची चौकशी करायला येणारी मंडळी गाडीबद्दल विचारतात, म्हणून लग्न ठरण्याआधी गाडी घेतली जाते. मग मुलांच्या शिक्षणाची किंवा आईच्या ऑपरेशनची वेळ येते तेव्हा हप्त्यात अडकलेलं घर नातेवाइकांकडे हात पसरतं. ज्या वस्तीत आपल्या मिळकतीला न झेपणारा थाट रोजचा आहे, ती निवडणं म्हणजे ते ओझं स्वतःहून खांद्यावर घेणं. म्हणून नवं घर घेणाऱ्याला माझा आग्रह आहे की ‘आपल्यापेक्षा बरेच वरचे शेजारी’ हा निकष चांगला मानू नये.

याची दुसरी बाजू जास्त टोचणारी आहे. आलिशान गाडीवरून वस्तीची वरची प्रत ठरवणारा माणूस त्याच मापानं खालची प्रतही ठरवतो. इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये रिक्षा किंवा टेम्पो दिसला की ‘क्राउड तसाच आहे’ असा शेरा पडतो. काही सोसायट्या आपल्याच सभासदाला रिक्षा आत लावू देत नाहीत. वास्तविक ती रिक्षा त्या घराला रोज कमवून देते आणि बाजूची चकचकीत गाडी रोज किंमत गमावत असते. कष्टाच्या वाहनाला आत जागा न देणारी सोसायटी किती श्रीमंत असेल ते असो, चांगला शेजार म्हणून ती मला कमी वाटते.

पार्किंगची भांडणंही यातूनच येतात. जुन्या चार मजली इमारतींचे स्टिल्ट दुचाकींसाठी बांधले गेले. आता तिथे मोठ्या एसयूव्ही शिरतात. बिल्डरनं विकलेल्या पार्किंगच्या जोरावर हक्क सांगणाऱ्यांनी एक निकाल लक्षात ठेवावा. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१० रोजी स्पष्ट केलं की स्टिल्टमधलं आणि मोकळं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही. ती जागा सोसायटीची.

गाडीच्या किमतीत न बसणाऱ्या गोष्टी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: जागा राहायला चांगली आहे का? वसई-विरारमध्ये त्याचं उत्तर पाणी, पूर आणि इमारतीचा कायदेशीरपणा या तीन गोष्टींत आहे.

पाण्याची ओढ इथे पिढीजात झाली आहे. उपनगर वाढत गेलं आणि नळाचं पाणी मागे राहिलं. टँकर ही कित्येक सोसायट्यांची नित्याची सोय झाली. बोळींजला म्हाडानं बांधलेली हजारो घरं कितीतरी वर्षं गिऱ्हाइकाविना राहिली, त्यात पाण्याच्या चणचणीचा मोठा वाटा होता. सूर्या प्रकल्पातून एमएमआरडीएनं दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी, २१८ मीरा-भाईंदरसाठी. त्या पाण्यानं बराच दिलासा मिळाला आहे, पण ते आपल्या इमारतीच्या टाकीपर्यंत कधी आणि किती पोचतं, हे गल्लीनुसार बदलतं.

पुराचंही तसंच. जुलै २०१८मध्ये रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, मिठागर वस्तीतली कुटुंबं वेढली गेली, आणि कित्येक भाग दिवसेंदिवस विजेविना राहिले. मिठागरं, खाजणं आणि बावखलं बुजली की पावसाच्या पाण्याला जायला वाट उरत नाही, हे हरित वसईवाले तीस वर्षं आधी सांगत होते. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी आलं तेव्हा स्वस्त आणि महाग गाड्या सारख्याच बुडाल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात जड. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्या पाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५पर्यंत काम आटोपलं. सुमारे अडीच हजार कुटुंबांची घरं गेली. पुढे ऑगस्ट २०२५च्या अखेरीस विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ माणसं गेली. तीही इमारत अनधिकृत होती. अशा घरांत राहणारी माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, माणसं राहत होती, मीटर लागले होते, घरपट्टी भरली जात होती, गाड्या उभ्या होत्या. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्या खुणा ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगत होत्या. फक्त कागद नव्हते.

मग पाहावं काय

कागदांपासून सुरुवात करावी. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र मागून घ्यावं, आणि त्यावरचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळावा. बनावट परवानग्यांवर इमारती विकल्याचे गुन्हे इथे दाखल झाले आहेत. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याची नोंद पाहावी. मात्र हेही ध्यानात ठेवावं की नोंदणी झाली म्हणून वरच्या तपासणीतून सुटका होत नाही. विकास आराखड्यात त्या सर्व्हे नंबरवर कसलं आरक्षण आहे, ते बघावं. घरपट्टीची पावती हा अधिकृतपणाचा पुरावा नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते.

शेजाऱ्यांची ऐपत खरंच जाणून घ्यायची असेल, तर त्यासाठीही पार्किंगपेक्षा चांगले मार्ग आहेत. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन पाहता येते. त्या इमारतीत गेल्या काही वर्षांत घरं काय भावानं विकली गेली, ते त्यात असतं. एजंटाच्या तोंडचा भाव आणि नोंदलेला भाव शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडा होतो.

सगळ्यात बोलका कागद मात्र सोसायटीचा वार्षिक अहवाल. विकणाऱ्या सभासदाकडे तो असतो, मागावा. समजा, साठ घरांची सोसायटी आहे. ताळेबंदात येणं बाजूला मेंटेनन्सची थकबाकी पाहावी. साठातल्या अठरा घरांची वर्षापेक्षा जुनी बाकी असेल, तर खाली कितीही मोठ्या गाड्या असोत, इथे लिफ्ट बंद पडली की वर्गणी काढावी लागणार. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळ व्याज लावता येतं. ते लावलं आहे की माफ करत आले आहेत, तेही पाहावं. पुढे सिंकिंग फंड. बांधकाम खर्चाच्या पाव टक्का रक्कम दरवर्षी त्यात जमायला हवी. पंधरा वर्षांच्या इमारतीत तो फंड नाममात्र असेल तर गळक्या गच्चीचा खर्च नव्या सभासदाच्या बोकांडी बसणार. खर्चाच्या बाजूला टँकरची ओळ शोधावी. नळाच्या पाण्याबद्दल कुणी काहीही सांगो, खरं ती ओळ सांगते. संरचना तपासणी झाली का, जमिनीचं अभिहस्तांतरण झालं का की जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि वार्षिक सभेला किती सभासद हजर होते, हेही त्याच अहवालात सापडतं. माणसं किती कमावतात यापेक्षा ती एकत्र किती नीट वागतात, हे या चार-सहा पानांत दिसतं. शेजार म्हणून आपल्याला हवं असतं ते हेच.

प्रत्यक्ष जागा पाहायची तर जुलैत, भरतीच्या वेळी आणि पाऊस लागलेला असताना पाहावी. सकाळी सात ते नऊ स्टेशनपर्यंतचा रस्ता रिक्षानं आणि पायी करून बघावा. भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ आहे का, ते वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं. रात्री अचानक दुखलं तर जवळचं रुग्णालय किती अंतरावर, शाळेची बस कुठवर येते, याची चौकशी करावी. यातली प्रत्येक गोष्ट घरात राहणाऱ्याला पुढची वीस वर्षं रोज भेटणार आहे.

निष्कर्ष

सगळं पाहता तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. बऱ्याच गाड्या मिळून एखाद्या भागाचा ढोबळ अंदाज देतात, पण लोकलच्या शहरात तोही कलता असतो. एका दारातली एक गाडी त्या घराच्या संपत्तीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. ती कर्ज, धंदा किंवा हौस सांगते. आणि शेजाऱ्यांच्या श्रीमंतीचा, वस्ती चांगली असण्याशी आपण मानतो तेवढा संबंध नाही.

हा शेवटचा मुद्दा वसई-विरारसाठी मला कळीचा वाटतो. इथला पैसेवाला आपापल्यापुरते प्रश्न सोडवत आला आहे. पाणी नाही तर टँकर, वीज जाते तर इन्व्हर्टर, रस्त्यात खड्डे आणि पाणी तर उंच एसयूव्ही. प्रत्येक घरानं स्वतःपुरती सोय केली की नाल्यासाठी, जलवाहिनीसाठी, अनधिकृत मजल्याविरुद्ध महापालिकेत जाऊन बोलणारा माणूस एकेक करून कमी होतो. ज्यांचं म्हणणं तिथे ऐकलं जाईल, नेमके तेच गप्प बसतात. त्याचा भार टँकर न परवडणाऱ्या घरांवर पडतो आणि वस्ती एकूण खालीच जाते. म्हणून घर निवडताना शेजाऱ्याकडे कोणती गाडी आहे हे विचारण्याऐवजी तो सोसायटीच्या सभेला येतो का, बाकी ठेवत नाही ना, आणि प्रभागातल्या प्रश्नावर सही करायला पुढे होतो का, हे विचारावं. असे पंचवीस सभासद असलेली साधी इमारत दोन मर्सिडीजवाल्या विंगपेक्षा नक्कीच मोलाची. आणि तिथे राहायला गेल्यावर तसा सव्विसावा सभासद होणं हे आपलं काम आहे.